‘वाडा चिरेबंदी’ : वऱ्हाडातील एका घराचे नाटक

अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी वरूड तालुका वसला आहे. संत्र्याच्या बागांनी या भागाला नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले. नरखेड-अमरावती लोहमार्गावरील येथील स्थानकाच्या नावातही ‘ऑरेंज सिटी’ हे शब्द येऊन बसले आहेत. तथापि बागांचा हिरवा पट्टा ओलांडून या तालुक्यातील किंवा शेजारच्या मोर्शी तालुक्यातील एखाद्या जुन्या गावठाणात शिरले, की दुसरेच चित्र दृष्टीस पडते. सिमेंटच्या नव्या घरांच्या रांगेत मध्येच एखादा जुना वाडा उभा असतो. दरवाजा भव्य, पण एक फळी निखळलेली. ओसरीचे सागवानी खांब शाबूत, पण त्यांच्यावरचे छत एका बाजूस खचलेले. अर्ध्या वाड्यात माणसे राहतात, अर्ध्यात कुटार आणि जुनी अवजारे. मालकी कोणाची असे विचारले तर सहा-सात नावे सांगितली जातात आणि त्यांतील चार नागपूर, पुणे वा मुंबईस असतात.

या दृश्याचे नाटक मराठी रंगभूमीवर १९८५ साली आले. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे ते नाटक होय. मुंबईच्या ‘कलावैभव’ या संस्थेने ते सादर केले व त्याचे दिग्दर्शन विजया मेहता यांनी केले. नाटकातील धरणगाव हे कल्पित गाव आहे. त्याच नावाच्या खानदेशातील प्रसिद्ध गावाशी त्याचा संबंध नाही. ते विदर्भातले आहे, हे त्यातील माणसांच्या पहिल्या चार वाक्यांतच कळून येते. एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी जमीनदार कुटुंबात झाला. शिक्षणासाठी लहान वयातच ते घराबाहेर पडले आणि पुढे नागपुरास इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. ‘सुलतान’, ‘होळी’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’, ‘पार्टी’ अशा प्रखर, बहुतांशी नागरी नाटकांनंतर ते या वाड्याकडे वळले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सोडून आलेल्या घराकडे पाहण्यासाठी त्यांना मध्ये बरेच अंतर जाऊ द्यावे लागले असावे.

नाटकाचे कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. धरणगावच्या देशपांडे घराण्यातील कर्ते पुरुष तात्याजी यांचे निधन झाले आहे. मुंबईस नोकरी करणारा दुसरा मुलगा सुधीर आपल्या पत्नीसह, अंजलीसह, उशिरा गावी पोहोचतो. घरात थोरला भाऊ भास्कर, त्याची पत्नी म्हणजे सर्वांची वहिनी, त्यांची मुले पराग व रंजू, अविवाहित बहीण प्रभा, धाकटा भाऊ चंदू, आई आणि तात्याजींची वृद्ध आई, सर्वांची दादी, अशी माणसे आहेत. तेराव्याच्या दिवशी घराण्याच्या इभ्रतीस शोभेल असे गावजेवण घातले पाहिजे, आणि त्यासाठी पैसा नाही. या एका प्रश्नाभोवती सर्व नाटक फिरते. जमीन गेली आहे, जी उरली ती पिकत नाही. सुधीरचे मुंबईतले उत्पन्न गावात वाटते तेवढे नाही. आणि घराण्याचे दागिने भास्करच्या ताब्यात कुलपात आहेत.

सुतकाचे दिवस

नाटककाराने काळाची निवड मोठ्या जाणतेपणाने केली आहे. सुतक लागले की घर जगापासून अलग होते. देवपूजा थांबते, सणवार थांबतात, शेजारीपाजारी बेताने येतात. एरवी शेतीची, नोकरीची, पाहुण्यांची निमित्ते काढून जी माणसे एकमेकांना टाळीत असतात, त्यांना एका छपराखाली बसून राहण्यावाचून इलाज उरत नाही. युरोपीय नाटकाने स्थळ-काळाची एकता साधण्यासाठी जे नियम केले, ते येथे एका रूढीने आपोआप पुरविले आहेत. प्रेक्षकास त्यात कृत्रिम काही वाटत नाही, कारण असे दिवस प्रत्येक घराने पाहिलेले असतात. मृत्यूच्या दुःखापेक्षा खर्चाचा आणि वाटणीचा विषय हळूहळू वर कसा येतो, हेही प्रत्येकास ठाऊक असते. मात्र ते बोलून दाखविण्याचा प्रघात नाही. ‘वाडा चिरेबंदी’ ते बोलून दाखविते.

तेरावे हा येथे केवळ विधी नाही. देशपांडे हे परगण्याचे वतनदार. जमाबंदीचा हिशेब ठेवणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम आणि त्याबद्दल त्यांना वतन. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी व आकारणी झाली आणि परगण्याच्या अधिकाऱ्यांचे प्रत्यक्ष काम संपत गेले. मान मात्र राहिला. स्वातंत्र्यानंतर विदर्भ विभागासाठी १९५८ चा कुळवहिवाट कायदा झाला, १९६१ मध्ये शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला आणि १९७५ मध्ये ती मर्यादा आणखी खाली आणली गेली. धरणगावच्या वाड्यातील माणसे ज्या प्रतिष्ठेसाठी गावजेवण घालू पाहतात, तिच्या पायातील एकेक दगड असा सव्वाशे वर्षे निघत होता. भास्करला हे कळत नाही असे नाही. पण गावाने आपणांस ज्या नजरेने पाहिले, तीच नजर कायम राहावी यासाठी तो घराचा एक भाग विकायला तयार होतो. घर राखण्यासाठी घर विकावे लागते, ही नाटकातील मूळ विसंगती आहे.

दगड आणि माती

नाटकातील सर्वांत मोठे प्रतीक अर्थातच वाडा. चिरेबंदी म्हणजे घडीव दगडांनी बांधलेला, पिढ्यान्पिढ्या टिकणारा. परंतु वऱ्हाडातील वाड्यांची बांधणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या शब्दातील उपरोध अधिक जाणवेल. येथील बहुसंख्य वाड्यांत काळा दगड जोत्यापुरता व दर्शनी भागापुरता असतो. त्यावरच्या जाड भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असतात. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, परंतु दरवर्षी तिची डागडुजी व्हावी लागते. एक-दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की पाणी मुरते, उंदीर-घुशी बिळे पाडतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून पोकळ होते. वाड्याला राबते हात लागतात. हात नसतील तर चिरे नुसते उभे राहतात. एलकुंचवारांच्या वाड्याची नेमकी हीच स्थिती आहे. तो बाहेरच्या आघाताने पडत नाही. त्यावर कोणी चाल करून येत नाही. तो आतून पोखरला जात आहे, आणि पोखरणारे कोण हे शोधू गेल्यास प्रत्येक जण थोडा थोडा सापडतो.

वाड्यासमोर एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. अंधारात येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची ठोकर बसते. हे प्रतीक मराठी नाटकात त्याआधी आलेले नव्हते आणि वऱ्हाडातील शेतकऱ्यास ते समजावून सांगावे लागत नाही. १९६० ते १९८० या काळात संकरित बियाणे, रासायनिक खते, विजेचे पंप यांच्याबरोबर ट्रॅक्टरही खेड्यांत आले. भूविकास बँकांची दीर्घ मुदतीची कर्जे त्यासाठी मिळत. ज्यांनी यंत्राबरोबर यंत्राचे शास्त्रही घरात आणले, स्वतः तेलात हात घातले, त्यांची शेती सुधारली. ज्यांनी ट्रॅक्टर दाराशी हत्ती झुलावा तसा आणला, त्यांच्याकडे तो काही दिवसांत बंद पडला. म्हणून नाटकातील ट्रॅक्टर ही यंत्रयुगावरची टीका समजणे चुकीचे ठरेल. यंत्रात दोष नाही. शेतीला हात न लावता शेतीचे मालक राहू पाहणाऱ्या वृत्तीची ती निशाणी आहे. तो विकता येत नाही, चालवता येत नाही आणि वाटेतून हलवताही येत नाही.

दागिन्यांची रात्र

वाडा आणि ट्रॅक्टर ही प्रतीके डोळ्यांसमोर सतत असतात. दागिन्यांचे तसे नाही. ते नाटकात एकदाच प्रकटतात आणि तो प्रवेश या नाटकाचे मर्म आहे. रात्री सर्व झोपल्यावर भास्कर पेटी उघडतो आणि वहिनी घराण्याचे सर्व अलंकार एकामागून एक अंगावर चढविते. दिवसभर चूल, पाणी, सासू, आजेसासू आणि येणारे-जाणारे यांच्यात खपणारी ही स्त्री मंद उजेडात एखाद्या जुन्या चित्रातील गृहलक्ष्मीसारखी उभी राहते. भास्कर पाहतच राहतो. घराणे म्हणून जे काही होते, त्याचे दर्शन त्या दोघांना त्या क्षणी होते, आणि ते दार लावून, चोरून घ्यावे लागते. वहिनीला केवळ लोभी ठरविणारा वाचक या प्रवेशापाशी थांबतो. तिला ते सोने मोडावयाचे नसते. जे ऐकून ती या घरात आली, ते एकदा तरी खरे झालेले तिला पाहायचे असते.

त्याच सोन्याकडे घरातील आणखी दोघी पाहत असतात. प्रभेच्या मनात त्याचे रूपांतर शिक्षणात करण्याची इच्छा आहे. ती बुद्धिमान, पण पुढे शिकण्याची तिची धडपड वडिलांनीच मोडून काढली आणि आता वय निघून जात आहे. तिची भाची रंजू सिनेमाच्या स्वप्नांत बुडालेली. अखेरीस ती शिकवणीच्या मास्तरांबरोबर दागिने घेऊन मुंबईस पळून जाते. मुलगी परत आणली जाते, सोने परत येत नाही. तीन स्त्रियांची तीन स्वप्ने एका पेटीत होती. त्यांतील सर्वांत उथळ स्वप्नाने पेटी नेली. येथे नाटककार कोणासही उपदेश करीत नाही. परंतु ज्या घराने शिकू इच्छिणाऱ्या मुलीला शिकू दिले नाही, त्या घराला न शिकणाऱ्या मुलीने धडा दिला, हा क्रम प्रेक्षकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

प्रभेच्या स्थितीला कायद्याची एक बाजू आहे. तिची आज क्वचितच चर्चा होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्क दिला. परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच जो हक्क असे, तो तिला नव्हता. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार कुटुंबाच्या राहत्या घरात स्त्री-वारसाला वाटणी मागता येत नसे. पुरुष वारस वाटणी करावयाचे ठरवतील तोपर्यंत तिने थांबावे, अशी तरतूद होती. अविवाहित, विधवा वा परित्यक्ता मुलीला घरात राहण्याचा हक्क मात्र होता. प्रभा नेमकी याच जागी उभी आहे. वाड्यात ती राहू शकते. वाड्यातील आपला वाटा घेऊन ती बाहेर पडू शकत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तोपर्यंत विवाह न झालेल्या मुलींना सहदायादाचा दर्जा दिला. पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिले आणि कलम २३ रद्द केले. नाटक लिहिले गेले तेव्हा यांतील काहीच झालेले नव्हते. ‘माझा वाटा’ हे दोन शब्द घरातल्या मुलीने उच्चारणे हाच एक स्फोट होता. तो पुरता ओसरला आहे असे वरूडच्या भूमिअभिलेखांतील हक्कसोडपत्रे पाहणारा कोणी म्हणणार नाही.

चंदूविषयी थोडेच सांगावयाचे आहे, कारण नाटकातही त्याच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. तो म्हाताऱ्या आजीला उचलून नेतो, निरोप पोहोचवितो, सामान उचलतो. एकत्र कुटुंबात असा एक जण बहुधा असतोच. वतने गेली, गडीमाणसे गेली, तेव्हा त्यांची जागा घरातल्याच एका मुलाने भरून काढली. आजी मात्र काळाच्या पलीकडे गेलेली आहे. ती अंथरुणावरून पुन्हा पुन्हा किती वाजले असे विचारते. वेळेने काहीही अडत नाही अशा घरात वेळ विचारणारी तीच एक आहे.

वऱ्हाडी बोली आणि मुंबईची सून

‘वाडा चिरेबंदी’ने व्यावसायिक रंगभूमीवर आणखी एक गोष्ट केली. ‘का’ऐवजी ‘काहून’, ‘करीत आहे’ऐवजी ‘करून राहिला’ अशी वळणे असलेली विदर्भाची बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसमोर तोवर प्रायः विनोदापुरती येत असे. एलकुंचवारांनी तीच बोली शोकाची, अपमानाची आणि भांडणाची भाषा केली. वहिनीच्या तोंडचे साधे वाक्यही त्यामुळे वजनदार होते. अंजली कोकणस्थ, मुंबईत वाढलेली. तिचे बोलणे प्रमाण मराठीतले, नेमके आणि हिशेबी. दोन्ही जावा एकाच स्वयंपाकघरात वावरतात, पण त्यांच्यामध्ये एक न दिसणारी सीमारेषा आहे. वरूडच्या प्रेक्षकाला अंजली सहज खलनायिका वाटू शकते. नाटककाराने तिला तसे होऊ दिलेले नाही. काटकसरीने संसार करणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला दुसऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी आपली शिल्लक देणे जड जाते, आणि तिचे म्हणणे चुकीचे ठरविता येत नाही.

जागतिक नाट्यवाङ्मयात या नाटकाची आठवण करून देणारी कृती म्हणजे १९०४ साली रंगभूमीवर आलेले चेखव यांचे ‘द चेरी ऑर्चर्ड’. तेथेही कर्जात बुडालेले जमीनदार कुटुंब आहे, विकली जाणारी वास्तू आहे आणि काहीच न करता बोलत राहणारी माणसे आहेत. फरक महत्त्वाचा आहे. चेखवच्या नाटकात बाग विकत घेणारा माणूस त्याच जमिनीवर राबलेल्या भूदासांचा मुलगा आहे आणि तो रंगमंचावर येऊन आपला विजय मोठ्याने सांगतो. धरणगावच्या वाड्याबाहेरचा गाव मात्र रंगमंचावर जवळजवळ येतच नाही. ज्यांच्या श्रमावर वाडा उभा राहिला, ते कुळ, ते गडी, ते मजूर काय म्हणतात हे ऐकू येत नाही. ही या नाटकाची मर्यादा आहे असे काहींना वाटेल आणि ते अगदीच अनाठायी नाही. वऱ्हाडचे संपूर्ण चित्र हवे असेल तर या नाटकाशेजारी उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० ची कादंबरी ठेवून वाचावी. तेथे घर वाचविण्यासाठी झगडणारी कौतिक आहे; तिच्याकडे विकण्यासाठी वाडाही नाही, दागिनेही नाहीत. दोन्ही कृतींतील बोली एकाच मातीतली आहे, भूक मात्र एकाच जातीची नाही. वाड्यातील माणसांची दृष्टी वाड्याच्या भिंतींपलीकडे जात नाही, म्हणून नाटकही तेथेच थांबते, असाही अर्थ लावता येतो. तो नाटककारावर अन्याय न करणारा आहे.

विजया मेहता यांनी या नाटकावर हिंदीत ‘हवेली बुलंद थी’ हा दूरदर्शनपट केला. अन्य भाषांतही नाटकाचे अनुवाद झाले. नाटककार स्वतः मात्र देशपांडे कुटुंबाला सोडू शकले नाहीत. ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगांत’ ही पुढची दोन नाटके लिहून त्यांनी तीन पिढ्यांची कथा पूर्ण केली. १९९४ साली ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके सलग सादर केली. पाहणाऱ्यास दिवसाचा मोठा भाग नाट्यगृहात काढावा लागे, आणि प्रेक्षक तो काढीत. ‘युगांत’ला २००२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘युगांत’मध्ये वाडा हा प्रश्नच उरलेला नाही. गाव दुष्काळाने ओसाड झाले आहे. भास्करचा पराग आणि सुधीरचा अभय हे दोघे चुलतभाऊ, एक मातीला चिकटून राहिलेला आणि दुसरा परदेशी जाऊन आलेला, त्या उजाड भूमीवर समोरासमोर येतात. पहिल्या नाटकात पाण्याची टंचाई कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. वाटणी घराची, सोन्याची, शेताची होती. वरूड-मोर्शी पट्ट्यातील बागायतदारांना हा प्रवास पुस्तकातून वाचावा लागत नाही. येथील विहिरींची जागा विंधन विहिरींनी घेतली, त्या दरवर्षी अधिक खोल गेल्या, भूजल सर्वेक्षणात या भागातील पाणलोट क्षेत्रे अतिशोषित म्हणून नोंदविली गेली, आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळलेल्या संत्र्याच्या बागांवर शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवावी लागली. त्या बागांच्या धुऱ्यावर उभे राहिले, की गावातला जुना वाडा झाडांच्या आडून दिसतो.